पेन्सिलीची नोंद आणि शाईची नोंद

दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर जंजिरा दिसतो, आणि पाठीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. अशी एखादी वाडी विकली जाते तेव्हा दप्तरात काय घडते, ते आधी पाहू.

तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटिसा जातात. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजेच सातबारावरील नाव पालटते. कागदी वहीच्या काळी तोवर सातबारावर पेन्सिलीनेच लिहीत; शाई मागाहून.

आता समजा, हे काम संगणकावर चालले आहे. विकणाऱ्याच्या खात्यातून क्षेत्र वजा झाले, आणि घेणाऱ्याच्या खात्यात चढण्यापूर्वीच वीज गेली. वाडी कोणाची? कागदोपत्री कोणाचीच नाही! म्हणून नियम असा की, दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. अशा अभंग व्यवहारास 'ट्रान्झॅक्शन' म्हणतात. या कल्पनेची मीमांसा जिम ग्रे यांनी १९८१ साली एका निबंधात केली. संगणक प्रत्येक फरक आधी रोजकीर्दीत टिपतो. वीज परतल्यावर तिच्या आधारे अपुरा व्यवहार रद्द करतो.

पण एका व्यवहारात कोणकोणते फरक मोडतात, हे ध्यानात कोणी ठेवायचे? मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात त्यासाठी 'युनिट ऑफ वर्क' ही रचना वर्णिली आहे. आम्ही तिला कामाचा गठ्ठा म्हणू. प्रत्येक फरकासरशी दप्तराकडे धावायचे नाही. नवे काय, बदलले काय, काढायचे काय, याचे टिपण ठेवायचे. आणि शेवटी सारे एकदम, योग्य क्रमाने लिहायचे : आधी नवा खातेदार, मग त्याचे क्षेत्र. मध्यंतरी दुसऱ्या कोणी तीच नोंद बदलली असेल, तर सारा गठ्ठा परत. यामुळे दप्तर थोडाच वेळ अडकून राहते.

मात्र या युक्तीचा हात दप्तराबाहेर पोहोचत नाही. छापून दिलेला उतारा किंवा हातावर ठेवलेले पैसे तिला परत घेता येत नाहीत. तेथे उलट नोंदच करावी लागते. अपिलात फिरलेला फेरफारही खोडीत नाहीत, नव्या फेरफाराने दुरुस्त करतात.

तेव्हा शाई केव्हा वापरायची, हे यंत्राला शिकवावे लागते. आणि ते शिकवणारा माणूसच असतो. त्याने हयगय केली, तर एखाद्या घराची वाडी दोन नोंदींच्या मध्येच हरवेल.