भोंगा तिकडे, धडधड इकडे

७ मे २०२५. त्या दुपारी चार वाजल्यापासून देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम होती आणि ठाणे जिल्ह्याचाही तिच्यात समावेश होता. संध्याकाळी माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात एक आजी आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, रक्तदाब जुनाच, पण गोळ्यांवर व्यवस्थित आटोक्यात असलेला. त्या दिवशी मात्र वरचा आकडा १८० च्या पुढे गेला होता. विचारल्यावर कळले, दोन रात्री झोप नाही आणि सकाळची गोळी घ्यायची राहून गेली. नातू सैन्यात, राजौरीकडे. ‘‘डॉक्टर, तो तिकडे झोपला असेल की नाही कोण जाणे. मग मी कशी झोपू?’’

डोंबिवलीपासून नियंत्रण रेषा दीड हजार किलोमीटरच्या आसपास. तरीही ती रेषा आजींच्या घरात शिरली होती. त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी, २२ एप्रिलला पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीचे तीन रहिवासी मारले गेले होते. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनासाठी लोटलेली गर्दी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. सीमेवरचे रोजचे जगणे शरीरावर काय करते आणि ते दुरून पाहणाऱ्यांच्या शरीरावर काय करते, हे दोन्ही प्रश्न त्या आठवड्यात एकाच दवाखान्यात भेटले.

आधी सीमेकडे पाहू. ७ मेच्या पहाटेपासून पूंछ शहरावर तोफगोळे पडू लागले. एकट्या पूंछ भागात डझनाहून अधिक नागरिक गेले. जम्मूच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत सरकारने १४ हजारांहून अधिक बंकर मंजूर केले होते. त्यातला कौटुंबिक बंकर साधारण १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. आपल्याकडच्या ‘वन रूम किचन’मधली एक खोलीच म्हणा ना, पण खिडकी नसलेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शस्त्रसंधी पाळण्याचे ठरल्यावर बरीच शांतता आली. अनेक घरांनी बंकरमध्ये सरपण नि जुने सामान भरून ठेवले. मे महिन्यात ते घाईघाईने बाहेर काढावे लागले. गुरे बंकरमध्ये मावत नाहीत, म्हणून घरातला एखादा माणूस त्यांच्यासाठी मागे राहतो. रात्री दिवे बंद, शाळा बंद, कान मात्र उघडे.

कान उघडे राहणे ही या गोष्टीतली वैद्यकीय किल्ली आहे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. मोठा आवाज झाला की आपण विचार करून दचकत नाही. आवाजाचा संदेश मेंदूच्या खालच्या भागातून, म्हणजे मेंदूस्तंभातून, थेट स्नायूंकडे जातो. पापण्या मिटतात, मान आत ओढली जाते, खांदे वर येतात. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होते. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पोटातले पचन मंदावते. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल वाढते आणि रक्तातली साखर वर नेते. पळायला किंवा लपायला ही तयारी उत्तम असते. रोज रात्री, आठवडेच्या आठवडे, हीच तयारी चालू राहिली की मात्र तिची किंमत मोजावी लागते. झोप उथळ होते, डोके दुखते, चिडचिड वाढते, मधुमेह नि रक्तदाबाचे आकडे हलतात.

किती मोठा आवाज, यापेक्षाही तो कधी येईल हे माहीत नसणे जास्त छळते. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना विजेचे सौम्य पण दुखणारे झटके बसण्याची शक्यता कमी-जास्त केली गेली. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जितका ताण होता, त्याहून अधिक ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना दिसला. थोडक्यात, वाईट बातमीपेक्षा वाईट बातमीची वाट पाहणे शरीराला जड जाते.

याची आठवण करून देणारे एक जुने उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. लंडनवर बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर जठरव्रण फुटून रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढल्याची नोंद दोन डॉक्टरांनी १९४२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅपोल्स्की यांनी ताणावरच्या आपल्या पुस्तकात त्यातला एक बारकावा सांगितला आहे. शहराच्या मध्यभागी हल्ले जवळपास रोज रात्री ठरल्यासारखे होत, उपनगरांत ते अधूनमधून होत. पोटाचे दुखणे जास्त वाढले ते उपनगरांत. बॉम्ब कमी, पण आज पडेल की उद्या याचा नेम नाही. जठरव्रणाचे एक मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे १९८० च्या दशकात कळले, त्यामुळे सगळा दोष ताणाला देता येणार नाही. पण आधीच असलेले दुखणे ताणामुळे उफाळून येते, हे दवाखान्यात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

१९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे तेल अवीववर पडू लागली, तेव्हा पहिल्या काही दिवसांत तिथे हृदयविकाराचे झटके नि अचानक मृत्यू वाढले. पुढे हल्ले चालू असूनही ते प्रमाण पुन्हा पूर्वपदावर आले. दिलासा देणारी बाब हीच की माणूस सवय करून घेतो. पण पहिले काही दिवस धोक्याचे असतात आणि ज्यांचे हृदय आधीच नाजूक आहे, त्यांनी त्याच दिवसांत औषधे चुकवून चालत नाही. आजींची गोळी नेमकी तेव्हाच राहून गेली होती.

स्फोट म्हणजे काय, हे खरे तर डोंबिवलीला वेगळे शिकवावे लागत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी एमआयडीसीतल्या कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. हवेच्या दाबाची लाट छातीला इजा करण्याइतकी जोरदार नसतानाही काच फोडू शकते आणि उडालेल्या तुकड्यांनी डोळे, चेहरा, हात जखमी होतात. म्हणूनच तालमीत सांगतात की भोंगा वाजला की खिडकीशी जाऊन बाहेर डोकावू नका. आतल्या भिंतीजवळ, खाली बसा. स्फोटाचा पहिला मार कानाच्या पडद्याला बसतो, तेव्हा नंतर कानात सतत शिट्टी वाजली, रक्त आले किंवा कमी ऐकू आले तर कानात तेल न टाकता तपासून घ्यावे. भोंग्याची भाषाही लक्षात ठेवण्यासारखी आहे: चढता-उतरता आवाज म्हणजे धोका, एकसारखा लांबलचक आवाज म्हणजे धोका टळला.

ज्यांची साठी उलटली आहे, त्यांच्या कानांत हा भोंगा १९७१ पासून आहे. त्या डिसेंबरमध्ये मुंबई नि आसपासच्या गावांत काळोख पाळला जात होता. खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांवर काळा रंग. तेव्हा बातमी रेडिओवर ठरलेल्या वेळी येई आणि मधल्या वेळात घर आपापल्या कामाला लागे. आज बातमीला मधला वेळच उरलेला नाही. वाहिन्यांवर दिवसभर भोंग्याचा आवाज, लाल पट्ट्या, भलत्याच ठिकाणच्या जुन्या चित्रफिती. रात्री उशाशी मोबाइल, आणि कुटुंबाच्या गटात मावशीने पाठवलेला ‘आज रात्री सावध राहा’ असा निरोप.

याचा परिणाम मोजला गेला आहे. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली, असे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. आधीच अस्वस्थ असलेली माणसे जास्त बातम्या पाहतात, हेही त्यात असू शकते. तरीही दृश्य पुन्हा पुन्हा पाहिले की शरीराच्या लेखी ती घटना पुन्हा पुन्हा घडते, हे ध्यानात ठेवावे. पूंछमधल्या माणसाला गोळा पडून गेला हे कळते. दूरदर्शन संचासमोर बसलेल्या माणसासाठी तो गोळा संध्याकाळपर्यंत पडतच राहतो.

म्हणून अशा दिवसांत काही साध्या गोष्टी पाळाव्यात. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी पाहाव्यात, झोपण्यापूर्वीचा तास मोकळा ठेवावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फिट्स यांची औषधे निदान दोन आठवड्यांची घरात असावीत. त्यांची यादी कागदावर लिहून ठेवावी, कारण अंधारात गोळ्यांची पाकिटे ओळखू येत नाहीत. लहान मुलांसमोर वाहिनी चालू ठेवू नये, पण त्यांचे प्रश्न टाळूही नयेत. ‘काही होत नाही’ यापेक्षा ‘भोंगा वाजला तर आपण इथे बसायचे’ हे उत्तर मुलांना जास्त धीर देते. ज्यांचे कुणी सीमेवर आहे, त्यांनी फोनची वाट दिवसभर न पाहता शक्य तर एक वेळ ठरवावी. झोप आठवडाभर उडाली, छातीत धडधड थांबेना, काही खावेसे वाटेना, तर डॉक्टरांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. छातीत दुखत असेल, घाम येत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र ताण समजून थांबू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

१० मेच्या संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी लागू झाल्याची बातमी आली. पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा वरचा आकडा १४० वर होता. नातवाने रात्री साडेआठला फोन करायचे कबूल केले होते, न जमल्यास नुसता एक निरोप. सुनेने वाहिनी फक्त सातच्या बातम्यांना लावायचे ठरवले होते. गोळ्यांचा डबा आजींनी देवघरात ठेवला होता, म्हणजे सकाळी दिवा लावताना समोर दिसतो. ‘‘झोप येते का आता?’’ मी विचारले. ‘‘येते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘साडेआठनंतर येते.’’