भुताच्या बंगल्यात छाती का धडधडते?

चैत्र अमावास्येला भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीची मोठी जत्रा असते. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधलेले हे देवीचे मंदिर आणि जवळची गरम पाण्याची कुंडे प्रसिद्धच आहेत. भिवंडीला राहणाऱ्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर एका वर्षी मीही या जत्रेला गेलो. दर्शन झाले, भेळ झाली, पाळण्यात बसून झाले. मग नववीतल्या भाचीने हट्ट धरला, "मामा, आता भुताचा बंगला!"

बंगला कसला! पत्रे आणि काळे कापड यांचा तो मंडपच. आत शिरताच डोळ्यांपुढे मिट्ट काळोख पसरला. एक हिरवट कवटी चमकली. कानाशी 'फुस्स' झाले. वळणावर मंद उजेडात एक तीन पायांचे मेज होते आणि त्यावर नुसतेच मुंडके! मेजाखाली काही नाही. ते मुंडके आमच्याकडे पाहून हसले. भाची किंचाळली आणि लगेच खदखदून हसू लागली. पाचवीतला भाचा मात्र रडत बाहेर पळाला.

"मुलगा असून भितोस?" भावोजी म्हणाले. आजी पुटपुटली, "अवसेची रात्र, पोराला काही लागले तर नाही ना?" ते ऐकून तो अधिकच घाबरला. मी त्याची नाडी पाहिली, भरभर चालली होती. मग भावोजींचा हात धरला. त्यांचीही नाडी तशीच!

मित्रांनो, असे का व्हावे? प्रथम डोळ्यांचा विचार करू. आपल्या दृष्टिपटलावर शंकूपेशी आणि दंडपेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात रंग दाखवतात, तर दंडपेशी अंधुक उजेडात कामी येतात. परंतु झगझगीत उजेडातून काळोखात गेल्यावर दंडपेशींना पूर्ण सज्ज व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. बंगल्याची फेरी पाच मिनिटांतच संपते. म्हणजे सारा वेळ आपण जवळजवळ आंधळेच असतो, आणि सगळी मदार कानांवर असते.

आता कानांची गंमत पाहा. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. माझी भाचरे त्या आवाजात गाढ झोपतात. एकसारखा येणारा आवाज निरुपद्रवी आहे, हे मेंदू शिकतो आणि त्याकडे लक्ष देणे सोडतो. पण शांततेत अचानक आलेले साधे 'फुस्स'सुद्धा नवे असते, म्हणून आपण दचकतो.

मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देण्यात मोठा वाटा उचलतो. ती सूचना मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचते व त्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, स्नायूंना अधिक रक्त मिळते, पचन मंदावते. लढा किंवा पळा, अशी ही तयारी असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. आपण पुरता विचार करण्यापूर्वीच ही तयारी सुरू होते. म्हणून दचकणे हा भित्रेपणा नव्हे. भूत खोटे असले तरी धडधड खरी असते.

मग भाची हसली आणि भाचा रडला, असे का? पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन सणाच्या सुमारास अशी भीतिघरे थाटतात. डेन्मार्कमधील अशाच एका भीतिघरात संशोधकांनी ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भीती फार कमी असेल तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही. मजा मधल्या टप्प्यावर असते. हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. जी भीती भाचीला बेताची होती, ती भाच्याला झेपली नाही, इतकेच.

थोड्या वेळाने भाच्याने डोळे पुसले आणि विचारले, "मामा, त्या मुंडक्याचे अंग कुठे होते?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता! फेरी संपल्यावर आम्ही मालकाला विनंती केली. त्याने दिवा लावला. मुंडके चहा पीत होते! मेजाला भोक होते. त्यातून डोके वर काढून एक माणूस खाली बसला होता. मेजाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरपे उभे होते. त्यांत बाजूचे काळे कापड दिसे आणि आपल्याला वाटे, मागचेच कापड दिसते आहे. लंडनमध्ये १८६५ साली स्टोडेअर या जादूगाराने हाच खेळ करून लोकांना थक्क केले होते. भाच्याने वाकून आरशात पाहिले. तिथे त्याचेच तोंड दिसले, आणि तो हसला.

ही युक्ती घरी करून पाहा. समोरून उघडे असे १० सेंमी बाजूचे चौकोनी खोके घ्या. आतून सगळीकडे एकाच चौकड्यांचा कागद चिकटवा. १० सेंमी रुंद आरसा पुढच्या वरच्या कडेपासून मागच्या खालच्या कडेपर्यंत तिरपा बसवा. त्याची चकचकीत बाजू तुमच्याकडे असू द्या. आरशाची लांबी किती हवी? पायथागोरसला विचारा: सुमारे १४ सेंमी. छताला फट पाडून नाणे टाका. आवाज येईल, पण खोके रिकामेच दिसेल!

परतताना आजीने अवसेबद्दल विचारले. भाचाच म्हणाला, "आजी, आज चंद्र सूर्याच्या बाजूला आहे, म्हणून दिसत नाही. काळोख जास्त, बाकी काही नाही."

जत्रेतला खेळवाला तिकीट घेऊन भीती दाखवतो आणि पाच मिनिटांत दाराबाहेर सोडतो. भुताखेतांचे भय घालून लोकांना लुबाडणारा मात्र बाहेरचे दार दाखवत नाही. अशांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायद्याच्याही आधी उपयोगी पडतो तो भाच्याचा प्रश्न: अंग कुठे आहे? भीती वाटली तर लाजू नका. धडधड थांबू द्या, आणि मग आरसा शोधा.