जखम एकाची, पैसा दुसऱ्याचा, लेखणी तिसऱ्याची

मेडिक्लेमच्या कार्डावरची टीपीए ही तीन अक्षरं आपल्याकडे घरोघरी माहीत झाली आहेत. डिस्चार्ज मिळूनही ‘टीपीएची मंजुरी यायचीय’ म्हणून संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलेल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत याच अक्षरांचा अंमल आणखी एका ठिकाणी चालतो: कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या भरपाईवर.

ही भरपाई तिथे सुखासुखी मिळालेली नाही. 24 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने भरपाईचा नवा कायदा घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि 146 कामगार गेले. बहुतेक तरुण मुली. अखेर राज्यघटना बदलून कायदा पुन्हा आणावा लागला. अशा कायद्यांमागचा सौदा सगळीकडे साधारण एकच आहे. चूक कोणाची हे विचारायचं नाही. कामगाराला उपचार आणि बुडालेल्या पगाराचा ठरलेला हिस्सा मिळेल, बदल्यात तो मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क सोडेल. एवढा मोठा हक्क ज्याने सोडला, त्याला कबूल केलेलं तरी वेळेत मिळालं पाहिजे. टीपीएकडे मी याच नजरेने पाहतो.

बहुतेक मालक यासाठी विमा घेतात. मोठ्या कंपन्या आणि महापालिका मात्र अनेकदा स्वतःच्या तिजोरीतून भरपाई देतात. कॅलिफोर्नियात त्यासाठी राज्याची परवानगी लागते. पैसा असतो, पण फायली चालवणारी माणसं नसतात. म्हणून बाहेरची कंपनी नेमतात, तीच टीपीए. तिथे ज्याच्या टेबलावर फाइल येते, तो अ‍ॅडजस्टर.

समजा, कॅलिफोर्नियातल्या एका गोदामात खोकं उचलताना कोणाची कंबर धरली. आठवड्याला 900 डॉलर कमावणारा माणूस. कळल्यापासून कामाच्या एका दिवसात मालकाने त्याला दाव्याचा फॉर्म द्यायचा. तो भरून दिला की दाव्याचा निर्णय होईपर्यंतही 10,000 डॉलरपर्यंतचे उपचार द्यावेच लागतात. सर्वसाधारणपणे 90 दिवसांत नकार आला नाही, तर दुखापत कामावरचीच असं कायदा धरून चालतो. घरी बसावं लागलं तर पगाराचे दोन-तृतीयांश, म्हणजे आठवड्याला 600 डॉलर. पहिला हप्ता 14 दिवसांत. डॉक्टरांनी एमआरआय सुचवला तर अ‍ॅडजस्टर तो मंजूर करू शकतो. वैद्यकीय गरज नाही म्हणून नाकारायचा तर ते काम डॉक्टरचंच. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

इतक्या तारखा सांभाळायच्या तर रोज हेच काम करणारा माणूस हवा. वर्षाकाठी दोन-चार अपघात पाहणाऱ्या एचआर खात्याकडून एखादी तारीख हुकणारच. शिवाय बाहेरच्या माणसाला मुकादमाची जुनी खुन्नस ठाऊक नसते. कामगाराच्या दृष्टीने हेही थोडं नाही.

खरी मेख फीमध्ये आहे. एका दाव्यामागे एकदाच ठोक रक्कम ठरली, तर फाइल लवकर मिटवण्याची घाई होते. दरवर्षी उघड्या फाइलमागे पैसे मिळत असतील, तर ती मिटवण्याची निकड उरत नाही. काही करारांत डॉक्टरांच्या बिलातून जेवढी कपात होईल तिचा टक्काही टीपीएला मिळतो. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. उपचाराचं बिल तपासणाऱ्याचं पोट त्या कपातीवर भरू नये.

दर कमी ठेवून टिकायचं, तर अ‍ॅडजस्टरच्या टेबलावर फायली वाढतात. मग कंबर धरलेला माणूस फोन करत राहतो आणि पलीकडून फक्त व्हॉइसमेल बोलतो. म्हणून असा करार हातात आला, तर दराचं पान मी नंतर उघडेन. आधी एका माणसाकडे जास्तीत जास्त किती फायली द्यायच्या हे लिहिलंय का, ते बघेन. मग दंडाचं कलम. कॅलिफोर्नियात हप्ता उशिरा गेला तर कामगाराला 10 टक्के जादा द्यावे लागतात. 600 डॉलरवर 60. दिरंगाई टीपीएची असेल, तर हे 60 डॉलर कोणाच्या खिशातून जाणार, तेवढं त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं हवं.