पीठ फुगलं नाही, तर दोष कुणाचा?

डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. इडल्यांचा बेत ठरलेला, पाहुणे यायचे असतात, आणि पातेल्यावरचं झाकण काढावं तर पीठ रात्री होतं तिथंच! मग काय काय ऐकावं लागतं, ते मी वेगळं सांगायला नकोच. "आमच्या वेळी कसं पातेल्याबाहेर यायचं!" किंवा "हाताला गुण असावा लागतो बाई!" नव्यानं घरात आलेल्या सुनेला तर हे फार लागतं. दोष थंडीचा असतो, पण तो तिच्या पदरात पडतो.

या विषयावर लिहावंसं वाटलं ते माझ्या पुतण्यामुळे. हा आमचा पुतण्या शिकागोला असतो. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको राहतात, आणि कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, काचेच्या बरणीत तो चक्क बिअर बनवतो! तिकडे हा पुष्कळांचा छंद आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला तिथं मोकळीक मिळाली. विकायची मात्र नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिअरचा आणि आपला काय संबंध? थोडं थांबा. तो करतो काय ते ऐका, आणि किती गोष्टी ओळखीच्या वाटतात ते बघा.

आधी सातू भिजवून, मोड आणून वाळवतात. त्याला म्हणतात माल्ट. आपण बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो ना? कृती तीच! मोड येताना धान्यात अशी द्रव्यं तयार होतात, की ती पिठूळपणाची साखर करतात. हे माल्ट भरडून तासभर साधारण ६५ अंश गरम पाण्यात ठेवायचं. मग ते गोड पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, झटपट गार करायचं आणि त्यात यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं. तिचा मद्यार्क करतं आणि कर्बवायू सोडतं. एक-दोन आठवड्यांत बरणी शांत झाली की बाटल्या भरायच्या.

आपल्या इडलीच्या पिठात काम करतात ते मुख्यतः जिवाणू, आणि ते उडदाच्या डाळीबरोबरच येतात. बाहेरून काही घालावं लागत नाही. ते आम्ल तयार करतात म्हणून पीठ आंबतं, आणि वायू सोडतात म्हणून फुगतं. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. म्हणून तर नुसत्या तांदळाची इडली तशी हलकी होत नाही. गोव्यात ख्रिस्ती घरांतून सान्नां करतात, त्यांच्या पिठात माडाची ताजी सूर घालण्याची जुनी रीत आहे. तिथं मात्र पीठ फुगवणारं यीस्टच असतं, बिअरच्या यीस्टचं अगदी जवळचं नातेवाईक!

आणि आपलं घर तरी काय कमी आहे? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं. दही विरजतं, आंबील आंबते, जिलबीचं पीठ मुरतं. दोन खोल्यांच्या जागेतही आपण हे सगळं बिनबोभाट करत असतो.

गंमत अशी की बिअर हेसुद्धा मुळात बायकांचंच काम. प्राचीन सुमेरियात बिअरची देवता होती, तिचं नाव निन्कासी. मध्ययुगातल्या इंग्लंडात घरोघरच्या बायकाच ती करत आणि उरलेली विकत. पुढे धंदा मोठा झाला, भांडवल आलं, तशा त्या मागे पडल्या. यीस्टबद्दल तर कुणाला काही ठाऊकच नव्हतं. १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं. त्यात यीस्टचं नावही नाही! फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं १८५७ पासून आंबण्यावर प्रयोग केले आणि हे सूक्ष्मजीवांचं काम आहे हे दाखवून दिलं. १८८३ साली डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आंबटपणा मोजायचं 'पीएच' हे माप, जे आमच्या शाळेतल्या मुली लिटमसच्या धड्यानंतर शिकतात, तेही १९०९ साली त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी काढलं.

आता मुद्द्याचं सांगते. पुतण्याची एक बरणी मागे बिघडली. फोनवर मला म्हणाला, "काकू, खोलीचं तपमान वाढलं होतं, त्यामुळे वास बिघडला." बस्स, एवढंच! त्याला कुणी म्हटलं नाही की तुझ्या हाताला गुण नाही. त्याच्याजवळ थर्मामीटर आहे आणि एक वही आहे. तारीख, तपमान, किती तास, सगळं त्यात टिपलेलं. त्याचं बिघडलं की तपमान चुकलं, आणि आपलं बिघडलं की बाई चुकली! हा न्याय कुठला?

त्याला हवा असतो गारवा, साधारण १८ ते २० अंश. उन्हाळ्यात तो बरणी पाण्याच्या टबात ठेवून तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळतो. माठाची युक्ती हो! आपल्याला उलट ऊब हवी. इडलीचं पीठ २८ ते ३२ अंशांत आठ-दहा तासांत छान येतं. खोलीत वीसच अंश असतील तर सोळा-अठरा तासही लागतात. पीठ बिघडलेलं नसतं, त्याला वेळ हवा असतो. तेव्हा थंडीत एवढं करा :

• डाळ रात्रीऐवजी सकाळी भिजवा, दुपारी वाटा आणि पीठ संध्याकाळीच आंबायला ठेवा.

• वाटण संपेपर्यंत मिक्सर तापू देऊ नका. थांबून थांबून, गार पाणी घालून वाटा. थंडीत वाटून झाल्यावर मात्र पीठ कोमट पाण्यानं सैल करा. कढत पाणी नको, त्यानं जिवाणू मरतात.

• मोठ्या कुकरमध्ये तळाशी कोमट पाणी घालून त्यात पिठाचा डबा ठेवा आणि वरून जुनी चादर गुंडाळा. ओव्हन असेल तर तो न तापवता नुसता दिवा लावून आत ठेवलं तरी चालतं.

• भांडं अर्धंच भरा. फ्लॅटमध्ये ओट्यावरून ओघळलेलं पीठ पुसणं म्हणजे सकाळचा अर्धा तास गेला!

• उन्हाळ्यात मीठ आधी घाला, म्हणजे आंबणं जरा आवरतं. थंडीत नंतर घाला.

• गुलाबी, काळी किंवा हिरवी बुरशी दिसली, किंवा कुजका वास आला, तर वरचं काढून बाकीचं वापरू नका. सगळं टाकून द्या. मुलांच्या पोटापेक्षा वाटीभर डाळ महाग नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही गमतीची नाही. आंबणारा कोणताही पदार्थ घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत कधी भरून ठेवू नका. आत वायू साठत जातो आणि बाटली फुटते. काचा थेट डोळ्यांपर्यंत उडू शकतात. बिअर करणारे साखर मोजून घालतात ती याचसाठी. घरात आल्याचं किंवा फळांचं फसफसणारं सरबत कुणी करत असेल, तर झाकण सैल ठेवा आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

बिअरचं म्हणाल, तर कॉलेजातल्या मुलानं कुठं वाचून "आई, आपणही करून पाहू" म्हटलं, तर त्याला स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं का असेना. हौसच असेल तर त्याला आंबील करायला शिकवा. दोन चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात ते ओतून, ढवळत शिजवायचं. गार झालं की ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेला लसूण. उन्हातून आल्यावर भांडंभर प्यायला द्या, आणि घालताना रात्री पीठ कसं होतं, सकाळी कसा वास आला, हे त्यालाच बघू द्या.

शेवटी, पंधरा-वीस रुपयांची एक वही आणा आणि ओट्याजवळ खिळ्याला टांगा. तारीख, थंडी की उकाडा, प्रमाण, किती वाजता ठेवलं आणि किती वाजता फुगलं, एवढंच लिहायचं. वर्षभरात तुमच्या घराचं, तुमच्या गावच्या हवेचं गणित त्यात उतरेल. मग कुणी पिठाबद्दल काही बोललं, तर वही पुढे करा. आणि सून घरात आली, की पहिल्याच हिवाळ्यात ती तिच्या हातात द्या.