Explainer नव्हे, साधा प्रश्न: इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर उतरू शकतं, मग पोरबंदरला काय झालं?

गुजरातमधल्या पोरबंदर विमानतळावर ५ जानेवारी २०२५ रोजी तटरक्षक दलाचं ‘ध्रुव’ हे हलकं हेलिकॉप्टर सरावादरम्यान कोसळलं. दोन वैमानिकांसह तिघांचा मृत्यू झाला. चौकशीत ‘स्वॉशप्लेट’ तुटल्याचं समोर आलं.

हा भाग नेमका काय करतो? डोक्यावरच्या पात्यांखाली, फिरत्या दांड्याभोवती दोन चकत्या असतात. खालची फिरत नाही, वरची पात्यांसोबत फिरते, मध्ये बेअरिंग. वैमानिकाने हातातला दांडा हलवला की चकत्या कलतात किंवा वर-खाली सरकतात आणि पात्यांचा कोन बदलतो. चढणं, उतरणं, वळणं, सगळं या कोनावर.

इंजिन बंद पडलं तर खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात. जमीन जवळ आली की वैमानिक पात्यांचा कोन वाढवून वेग मारतो. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. पण तो कोनही स्वॉशप्लेटच बदलते! ध्रुवला इंजिनं दोन आहेत, या भागाला मात्र जोडीदार नाही.

८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाच्या ध्रुवची शक्ती अचानक घटली, उंचीही झपाट्याने कमी झाली. तरी वैमानिकाला ते नियंत्रितपणे समुद्रावर उतरवता आलं आणि तिघेही वाचले.

पोरबंदरनंतर सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर ठेवण्यात आली. लष्कर आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना आधी परवानगी मिळाली; नौदल आणि तटरक्षक दलाला जास्त थांबावं लागलं.