टर्बो किती मोठा हवा?

टर्बोचार्जर हा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाने कशाला घ्यावा, असं काहींना वाटेल. पण वेगवान गाडीच्या इंजिनाला बाहेरून आणलेला टर्बो बसवायचा, तर कोणता, हा शेवटी निवडीचा प्रश्न आहे. आणि निवड कशी करावी हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. इथे निवड चुकली तर पैसे तर जातातच, पुष्कळदा इंजिनही जातं.

आधी यंत्र समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. म्हणजे ताकद वाढवायची तर सिलिंडरमध्ये जास्त हवा भरली पाहिजे. टर्बोमध्ये एका दांड्यावर दोन चक्रं असतात. एक चक्र, म्हणजे टर्बाइन, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरतं. दुसरं, कॉम्प्रेसर, त्याच फिरण्यावर बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या अभियंत्याने 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

आता खरी अडचण. मोठा टर्बो भरपूर हवा देतो, पण त्याला वेग घ्यायला पुष्कळ वायू लागतो. तोवर पाय दाबून बसायचं. यालाच लॅग म्हणतात. लहान टर्बो लगेच जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना त्याचा दम संपतो. 1975 ची पोर्श 911 टर्बो पाहा: तीन लिटरचं इंजिन, 260 अश्वशक्ती, आणि तितकाच प्रसिद्ध लॅग. त्यानंतर थोड्याच वर्षांत साबने 99 टर्बो आणली. दोन लिटर, 145 अश्वशक्ती. टर्बो मुद्दाम लहान, आणि जादा वायू बाजूने सोडून देणारी वेस्टगेट नावाची झडप. रोज जिथे गाडी चालते त्या मधल्या फेऱ्यांत जोर मिळावा, हा हेतू. यातलं कोणतं बरोबर? हेतू ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत करू. टोयोटा सुप्राचं 2जेझेड-जीटीई हे तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. जपानमध्ये त्याची अधिकृत ताकद 280 अश्वशक्ती. कारखान्याने त्याला दोन टर्बो दिले होते: कमी फेऱ्यांना एक काम करतो, चार हजारांच्या आसपास दुसरा सामील होतो. अनेक जण ते काढून एकच मोठा बसवतात. समजा, आपल्याला 6500 फेऱ्यांना 500 अश्वशक्ती हवी आहे. ढोबळ हिशेबाने त्यासाठी मिनिटाला सुमारे 22.7 किलो हवा लागेल. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं आकारमान भरून घेतं. म्हणजे मिनिटाला 9750 लिटर, प्रत्यक्षात त्याच्या 95 टक्के धरू. इंटरकूलरमधून येणारी हवा 50 अंशांवर धरली, तर इंजिनाच्या तोंडाशी एकूण दाब सुमारे 2.27 बार हवा. वाटेतली गळचेपी धरली की कॉम्प्रेसरला आत येणाऱ्या हवेचा दाब साधारण 2.4 पट करावा लागतो. हे समुद्रसपाटीवर. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवर मुळातच हवा विरळ, तिथे हीच पट अडीचच्या वर जाते.

हे दोन आकडे, हवा आणि दाबाची पट, घेऊन कॉम्प्रेसरचा नकाशा उघडायचा. चांगले उत्पादक तो देतातच. नकाशाच्या डावीकडे सर्जची रेघ असते. तिच्या पलीकडे हवा उलट धडकते आणि बेअरिंगं मार खातात. उजवीकडे चोक: तिथे चक्र कितीही फिरवा, हवा वाढत नाही, फक्त तापते. मधे कार्यक्षमतेची वर्तुळं. 25 अंशांची हवा 2.4 पट दाबली, तर 72 टक्के कार्यक्षमतेला ती सुमारे 143 अंशांवर जाते, 60 टक्क्यांना 166 वर. गरम हवा म्हणजे नॉकिंग, आणि नॉकिंग म्हणजे फुटलेला पिस्टन.

पण एकच बिंदू पाहून थांबू नका. 3000 फेऱ्यांना हेच इंजिन त्याच दाबाला मिनिटाला जेमतेम साडेदहा किलो हवा घेईल. 800 अश्वशक्तीसाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर हा बिंदू सर्जच्या रेघेपलीकडे पडण्याची भीती असते. दोन्ही बिंदू ज्याच्या नकाशात नीट बसतात, तो आपला टर्बो. मग टर्बाइनचं घर: तोंड अरुंद घेतलं तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना वायू तुंबतो, रुंद घेतलं तर उलट.

ॲरिस्टॉटलने मायलो या पहिलवानाचं उदाहरण दिलं आहे. अन्नाची योग्य मात्रा दोन टोकांच्या बरोबर मधली नव्हे. जी मायलोला कमी पडेल, ती नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा ज्याचा त्याचा असतो. टर्बोचंही तसंच. मित्राच्या गाडीत उत्तम ठरलेला टर्बो आपल्या इंजिनाला जड जाऊ शकतो. आणि मायलोचा आहार पचवायला मायलोचं पोट लागतं: इंजेक्टर, इंधन पंप, इंटरकूलर, क्लच, ब्रेक आणि ईसीयूचं नवं ट्यूनिंग हा सगळा खर्च टर्बोच्या किमतीत आधीच धरायला हवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. तेव्हा हा उद्योग ट्रॅकच्या गाडीसाठीच.

थोडक्यात, क्रम असा: गाडी कुठे आणि किती फेऱ्यांवर चालवणार, त्यासाठी किती हवा, मग नकाशा, आणि सर्वांत शेवटी दुकान. बहुतेक लोक दुकानापासून सुरुवात करतात. तिथे विक्रेता आकडा सांगतो, आणि आपण तो आकडा म्हणजेच आपली इच्छा समजून बसतो. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.