जराराकाचं शहर

अण्णांचा कोरडा खोकला तीन महिने हटेना. छातीचा एक्स-रे स्वच्छ. शेवटी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी, रामिप्रिल, बदलली आणि काही आठवड्यांत खोकला थांबला. त्याचं मूळ शोधता शोधता मी ब्राझीलच्या साओ पावलो शहरात, जराराका नावाच्या विषारी सापापर्यंत जाऊन पोचलो.

जराराका हा आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या कुळातला. कॉफीच्या पैशावर साओ पावलो वाढत होतं आणि कॉफीच्या मळ्यांत साप चावत होते. 1901 मध्ये शहराजवळच्या बुतांतान नावाच्या शेतावर संस्था निघाली, ती खरं तर प्लेगवरच्या औषधासाठी; सांतोस बंदरात साथ आली होती. पण संचालक वितल ब्राझिल यांचं मन सापांत होतं. फ्रान्समध्ये काल्मेत यांनी नागाच्या विषावर तयार केलेलं प्रतिविष जराराकाच्या दंशावर चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्याचं विष, त्याचाच उतारा. म्हणजे साप हवेत, आणि तेही जिवंत! मग सौदा ठरला: शेतकऱ्यांनी साप पेटीत घालून रेल्वेने धाडायचे, संस्थेने बदल्यात प्रतिविष द्यायचं. या रोखठोक व्यवहाराचं मला शास्त्राइतकंच कौतुक वाटतं.

याच शहरात रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी हे विष कुत्र्याच्या रक्तात मिसळून पाहिलं. त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारा ब्राडिकायनिन हा पदार्थ हाती लागला; ते 1949 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांना 1965 मध्ये त्याच विषात ब्राडिकायनिन मोडू न देणारा घटक सापडला. तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे कळलं की, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ ज्या विकरामुळे बनतो, त्यालाही हा घटक रोखतो. त्याच्या धर्तीवर स्क्विब या अमेरिकन कंपनीने कॅप्टोप्रिल घडवलं. 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पेटंट अर्थातच कंपनीचं. रामिप्रिल हे त्याचंच धाकटं भावंड. गोळीत साप नसतो, त्याची युक्ती असते. न मोडलेलं ब्राडिकायनिन काहींच्या श्वासनलिकेत साचतं आणि खोकला लागतो.

2010 मध्ये बुतांतानच्या सर्पसंग्रहाला आग लागली. शंभर वर्षांत जमवलेले 70 हजारांहून अधिक साप बरण्यांसकट जळाले. यांतले कितीतरी त्या पेट्यांमधून आलेले असणार.

अण्णांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं, आता या नव्या गोळीत कोण आहे, तेही बघून ठेव."